'फिकार'चे अर्थ पाठ करू नका, आधी वाक्य मराठीत म्हणून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही पुण्याहून नोकरीसाठी पोर्तुगालमधल्या पोर्तोला गेलात. पोर्तुगीज शिकताय ते इंग्रजीतून शिकवणाऱ्या ॲपवर आणि इंग्रजी पुस्तकातून. पुस्तकाने सुरुवातीलाच 'फिकार' या क्रियापदाचा अर्थ 'स्टे' (राहणे) असं सांगून टाकलं. मग शेजारीण म्हणाली, 'फिकेय दुएंत', म्हणजे आजारी पडले. दुकानातलं गिऱ्हाईक म्हणालं, 'फिकु कों एश्त', म्हणजे हा घेतो. रस्त्यात कुणी विचारलं, 'ओंद फिका अ फरमासिया?', म्हणजे औषधाचं दुकान कुठे आहे? शब्दकोश उघडला तर एकाखाली एक अर्थांची रांग. हे सगळे पाठ करायचे का, आणि नाही तर यातला खरा अर्थ कोणता, असं तुम्ही विचारलंय.

मी पणजीत पोर्तुगीज शिकवते आणि जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांची मराठी-इंग्रजी भाषांतरं करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पुस्तकं इंग्रजीच असतात आणि या क्रियापदापाशी जवळजवळ सगळेच अडतात. अडचण पोर्तुगीजची नाही. एका क्रियापदाचं काम इंग्रजीने सात-आठ क्रियापदांत वाटून दिलंय, त्यामुळे इंग्रजीच्या खिडकीतून पाहिलं की ते तुकड्यातुकड्यांत दिसतं. मराठी माणसाने या खिडकीतून बघायची गरजच नाही. आपल्या 'राहणे', 'होणे' आणि 'ठरणे' यांनी बराचसा प्रदेश आधीच व्यापलेला आहे.

एक गोष्ट आधी सांगते. काही उत्तरं तुम्ही कुठे आणि कुणाशी बोलता यावर अवलंबून आहेत. पोर्तुगाल आणि ब्राझील यांच्यात या शब्दाच्या वापरात फरक आहे, आणि एका ठिकाणी तर चांगलाच मोठा. तुम्ही पोर्तोत आहात, म्हणून इथले उच्चार पोर्तुगालच्या बोलीला धरून देवनागरीत लिहिले आहेत. ब्राझीलचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे तसं म्हटलंय.

आता सगळ्यात उपयोगी वाक्य. 'अ शाव फिको आंय काझा.' 'शाव' म्हणजे किल्ली. आपली 'चावी' याच शब्दावरून आली. 'आंय काझा' म्हणजे घरी. आणि 'फिको' हा 'फिकार'चा भूतकाळ. म्हणजे काय? चावी घरी राहिली. इंग्रजीत हेच सांगायला बहुधा माणूस मध्ये आणावा लागतो, 'मी चावी घरी सोडली' अशा धर्तीवर. मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये चावीच कर्ता आहे आणि ती आपली घरी राहते. कुणी मुद्दाम ठेवली नाही, कुणी टाकली नाही. गडबडीत सगळं पुढे गेलं आणि ती तिथेच राहिली. हे वाक्य तोंडात बसलं की 'फिकार'चा गाभा हाताशी आला : एखादी घटना घडून गेल्यावर वस्तू किंवा माणूस जिथे किंवा ज्या अवस्थेत स्थिरावतो, ते सांगणारं हे क्रियापद आहे. त्याचं मूळही रोवणे, पक्कं बसवणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूत आहे.

याच साच्यात पुढची वाक्यं घालून बघा. 'अ पोर्ता फिको आबेर्ता' : दार उघडं राहिलं. 'अ कोंता फिको पुर पगार' : बिल द्यायचं राहिलं. या 'पगार'वर क्षणभर थांबा. पोर्तुगीजमध्ये हे 'पैसे देणे' या अर्थाचं क्रियापद आहे आणि आपला महिन्याचा पगार तिथूनच आलाय. 'फिकार पुर' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप आलं की 'करायचं राहून गेलं' असा अर्थ होतो. धुवायचं राहिलं, सांगायचं राहिलं, काहीही. 'फिकेय अ पेंसार' : मी विचार करत राहिले. ब्राझीलमध्ये हेच 'फिकेय पेंसांदु' म्हणतात. अर्थ तोच, रचना वेगळी. 'फीक कों उ त्रोकु' : सुट्टे राहू द्या तुमच्याकडे. 'फिको ग्राविदा' : ती गरोदर राहिली. हे शेवटचं तर इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'बिकम' किंवा 'गेट' करून घ्यावं लागतं, मग 'स्टे'शी त्याचा संबंध काय हे कळत नाही. आपल्याकडे 'दिवस राहिले' म्हणतातच की! 'राहणे'मध्ये नव्या अवस्थेत जाणं आणि त्या अवस्थेत टिकणं, दोन्ही एकत्र असू शकतात हे मराठी कानाला नवीन नाही.

हाच मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुस्तकं इथेच सर्वात जास्त गोंधळ घालतात. 'एल फिको कालादु' या वाक्याचा अर्थ 'तो गप्प झाला' की 'तो गप्प राहिला'? दोन्ही होऊ शकतात. मराठीत 'तो उभा राहिला' म्हटलं तर बसलेला होता तो उठून उभा राहिला, की सगळे बसले तरी तो उभाच राहिला? वाक्य एकच, आणि आपला कधीच घोटाळा होत नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ ठरवतात. पोर्तुगीजमध्येही तसंच आहे. सोबत 'द रपेंत' (एकदम, अचानक) असेल तर गप्प झाला. 'अ तार्द तोदा' (दुपारभर) असेल तर गप्प राहिला. म्हणून 'फिकार' दिसलं की मी विद्यार्थ्यांना क्रियापदावर अडू देत नाही. आधी वेळ सांगणारा शब्द शोधायला लावते. आणि स्वतः बोलताना तुम्हाला 'आधीपासून होता तसाच राहिला' हे निःसंदिग्ध सांगायचं असेल तर 'कोंतिनुओ' वापरा. तो आपल्या 'चालू राहणे'च्या जवळ आहे.

'राहणे'ची हद्द कुठे संपते तेही सांगते, नाहीतर अतिउत्साहात चुकाल. 'मी पोर्तोत राहते', म्हणजे तिथे माझं घर आहे, याला 'फिकार' चालत नाही. तिथे 'मोरु' किंवा 'वीवु' म्हणायचं. 'फिकु नु पोर्तु' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, आज रात्री मुक्काम पोर्तोत. हॉटेलात, मैत्रिणीकडे, चार दिवस कुठे उतरलात तर मात्र 'फिकार'च. 'पाऊस पडतच राहिला' इथे 'कोंतिनुओ अ शुवेर' म्हणणं बरं. आणि आपलं 'राहू दे' (नको त्रास घेऊस, असू दे) याला 'देइशा श्तार' असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे.

आता दुसरा मोठा भाग, 'होणे' आणि 'पडणे'. 'एला फिको त्रिश्त' : ती उदास झाली. 'फिकेय दुएंत' : आजारी पडले. 'फिकु कोंतेंत' : मला आनंद झाला, बरं वाटलं. हे शेवटचं कुणी चांगली बातमी सांगितली की लगेच म्हणता येतं, आणि ते रूप वर्तमानकाळाचं आहे हे लक्षात ठेवा. मराठीत आपण भूतकाळ वापरतो, पोर्तुगीज माणूस 'फिकु' म्हणतो.

याच गटातला घराघरांतला वापर म्हणजे केलेल्या गोष्टीवर मत देणं. 'उ आरोश फिको सालगादु' : भात खारट झालाय. केस कापून आलात, फोटो काढला, भिंत रंगवली, केक भट्टीतून बाहेर आला, की म्हणायचं 'फिको बों!' म्हणजे 'छान झालंय!' इंग्रजी पुस्तकांत हा वापर फार उशिरा येतो, बहुतेकदा येतच नाही. पण पोर्तोच्या कुठल्याही स्वयंपाकघरात तुम्हाला तो रोज ऐकू येईल. 2020 साली साथीच्या पहिल्या टाळेबंदीत पोर्तुगालमध्ये घराघरांच्या खिडक्यांत मुलांनी काढलेली इंद्रधनुष्यं लागली होती आणि त्याखाली लिहिलेलं असायचं, 'वाय फिकार तूदु बांय'. 'स्टे'चा चष्मा लावून वाचलं तर 'सगळं ठीक राहील' असं होईल, आणि ते उलटंच वाटेल, कारण तेव्हा काहीच ठीक नव्हतं. त्याचा अर्थ 'सगळं ठीक होईल' असा आहे. जे बिघडलंय ते शेवटी ठीक होऊन स्थिरावेल.

'होणे'लाही हद्द आहे. 'ती डॉक्टर झाली' हे 'फिको'ने सांगू नका. प्रयत्न करून, शिकून, निवडून माणूस जे होतो त्याला पोर्तुगालमध्ये 'तुर्नार-स' आणि ब्राझीलच्या बोलण्यात 'विरार' हे क्रियापद आहे. 'फिकार' साधारणपणे आपल्यावर येऊन पडणाऱ्या अवस्थांसाठी : आजारी, दमलेला, आंधळा, लाल, विधवा, अनाथ. 'फिको व्युवा', ती विधवा झाली. 'फिको रीकु', तो श्रीमंत झाला, हेही चालतं. श्रीमंती कष्टाने आली तरी ती शेवटी अवस्थाच. नियम म्हणून शंभर टक्के नाही, पण व्यवसायाचं नाव आलं की 'फिकार' टाळा, एवढं धरलंत तरी पुष्कळ.

तिसरा भाग 'ठरणे'. फोन ठेवताना पोर्तुगीज माणूस म्हणतो, 'एंतांव फिकामुश असीं', म्हणजे 'मग असं ठरलं'. 'अ रेउनियांव फिको परा आमान्यां' : मीटिंग उद्यावर गेली, उद्याची ठरली. आणि 'एल फिको द तेलेफुनार' : तो फोन करणार होता, करतो म्हणाला होता. या 'फिकार द'ची एक खोच आहे. मराठीत 'तो फोन करणार होता' म्हटलं की अजून आला नाही, असं त्यात न बोलता येतं. पोर्तुगीजमध्येही हे वाक्य बहुधा तेव्हाच बोललं जातं, जेव्हा कबूल केलेलं काम अजून झालेलं नसतं. ऑफिसात सहकाऱ्याबद्दल बोलताना हे ध्यानात असू द्या. नुसती माहिती म्हणून सांगाल आणि ऐकणाऱ्याला तक्रार वाटेल.

जागा सांगणारा वापर तुम्हाला सगळ्यात परका वाटला असं तुम्ही लिहिलंय. मला तो सगळ्यात सोपा वाटतो. मराठीत आपण विचारतो, 'पोस्ट ऑफिस कुठे येतं?', 'ते गाव कुठल्या तालुक्यात येतं?' पण 'माझा चष्मा कुठे येतो?' असं कुणी म्हणत नाही. जागचं हलत नाही त्यालाच हे 'येणं' लागू पडतं. अगदी तशीच वाटणी पोर्तुगीजमध्ये आहे : बँक, स्टेशन, गाव, नदी यांना 'फिका', चष्मा-चावीला 'एश्ता' (नुसतं 'आहे'). 'ओंद फिका उ बांकु?' पण 'ओंद एश्ता अ शाव?' इमारतीसाठी नुसतं 'ओंद ए' म्हटलं तरी चालतं, म्हणून घाबरू नका. 'फिका' जास्त सहज वाटतं इतकंच.

इथे काळाची एक चूक फार वेळा दिसते. 'आमची शाळा नदीजवळ होती' हे सांगायला लोक 'फिको' म्हणतात. तिथे 'फिकावा' हवं : 'अ एश्कोला फिकावा पेर्तु दु रीउ'. 'फिको' म्हटलं की काहीतरी घडलं आणि त्याअंती शाळा नदीजवळ येऊन थांबली असा भास होतो. घटना असेल तर 'फिको', नुसती तेव्हाची स्थिती असेल तर 'फिकावा'.

जुन्या दस्तऐवजांतला एक वापर सांगते, कारण त्याने माझ्या विद्यार्थ्यांना गाभा पटकन पटतो. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वीचे सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि अशा हुकमांत 'फिका प्रुइबीदु' असे शब्द येतात. शब्दशः 'मनाई राहते'. इंग्रजीत याला 'हियरबाय' जोडून लिहितात, मराठीत मी 'यान्वये मनाई करण्यात येत आहे' असं लिहिते. इथे 'ए प्रुइबीदु' म्हटलं असतं तर नुसती मनाई आहे एवढंच कळलं असतं. 'फिका' म्हटल्यावर, या ओळीपासून मनाई लागू झाली आणि यापुढे ती तशीच राहणार, हे दोन्ही एका शब्दात येतं. पोर्तोच्या नगरपालिकेची सूचना वाचाल तेव्हा हा 'फिका' शोधून बघा, भेटेल.

आता 'फिकार कों', म्हणजे 'सोबत' या अर्थाचा शब्द जोडलेलं रूप. एकाच जोडणीतून तीन गोष्टी निघतात आणि पुढचा शब्द बघितला की कळतात. पुढे भूक, झोप, ताप, भीती असेल तर ती आपल्याला लागते, येते, वाटते : 'फिकेय कों फोम', मला भूक लागली. पुढे वस्तू असेल तर ती आपल्याकडे राहते किंवा आपण ती घेतो. दुकानातलं 'फिकु कों एश्त' हे त्यातलंच : चार शर्ट बघितले, त्यातला हा माझ्याकडे राहणार, म्हणजे हा घेतो. उलट 'फिकार सांय' म्हणजे जवळचं संपणं : 'फिकेय सांय बातरिया', माझ्या फोनची बॅटरी संपली. पाणी, वीज, पेट्रोल, पैसे, सगळं यात बसतं.

तिसरी गोष्ट पुढे माणूस आला की होते, आणि इथेच ब्राझीलचा तो मोठा फरक येतो. ब्राझीलच्या तरुण बोलीत 'फिकार' म्हणजे एखाद्या पार्टीत वगैरे कुणाचं तरी चुंबन घेणं, थोडीफार जवळीक करणं, पुढे नातं ठेवण्याची बांधिलकी नसताना. त्यावरून अशा व्यक्तीला 'फिकांती' म्हणतात. तुमच्या ऑफिसात ब्राझीलचे सहकारी असतील (पोर्तुगालमध्ये ते पुष्कळ आहेत), तर 'शनिवारी मी पेद्रुबरोबर राहिले' या अर्थाने 'फिकेय कों उ पेद्रु' म्हणू नका. ते भलतंच ऐकतील. मुक्काम सांगायचा असेल तर माणसाऐवजी घराचं नाव घ्या : 'फिकेय आंय काझा दु पेद्रु', पेद्रुच्या घरी उतरले होते. हे दोन्ही देशांत निर्धोक आहे. लहान मुलांकडे किंवा आजारी आईजवळ थांबलात तर संदर्भच इतका स्पष्ट असतो की 'कों' चालून जातं.

कपड्यांचा वापर पटकन सांगते : 'फिका-त बांय', तुला छान दिसतं, शोभतं. कपडा कर्ता, माणूस 'तुला'. मराठीत तसंच आहे, त्यामुळे तुम्हाला काही वेगळं करायचं नाही. ब्राझीलमध्ये रचना थोडी बदलते, 'फिका बांय आंय वोसे'.

तुमचा दुसरा प्रश्न होता, दुकानात आणि इतिहासाच्या गोष्टीत एकच 'फिकु' कसा? ब्राझीलमध्ये 9 जानेवारी 1822 या दिवसाला 'दिया दु फीकु' म्हणतात, अक्षरशः 'मी राहतो'चा दिवस. पोर्तुगालच्या राजघराण्यातला राजपुत्र पेद्रु तेव्हा रिओत होता आणि लिस्बनच्या संसदेने त्याला परत बोलावलं होतं. रिओच्या लोकांनी हजारो सह्यांचा अर्ज दिला आणि त्याने, परंपरेने सांगितलं जातं त्याप्रमाणे, 'लोकांना सांगा, मी राहतो' असं उत्तर दिलं : 'फिकु'. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला ब्राझीलचं स्वातंत्र्य जाहीर झालं. व्याकरणाच्या दृष्टीने राजपुत्राचा 'फिकु' आणि शर्ट घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा 'फिकु' यांत फरक नाही. दोन्ही ठिकाणी वर्तमानकाळ असून तो चालू गोष्ट सांगत नाही. बोलता बोलता घेतलेला निर्णय सांगतो. मराठीत 'हा घेते मी', 'मी थांबते' म्हणताना आपण हेच करतो. म्हणून दुकानात भविष्यकाळ शोधत बसू नका, सरळ 'फिकु कों एश्त' म्हणा.

सरावाचं म्हणाल तर अर्थांची यादी फाडून टाका. एका वहीत मराठी वाक्यं लिहा, स्वतःच्या दिवसातली : डबा ऑफिसात राहिला, भाजी तिखट झाली, मीटिंग सोमवारवर गेली, फोनची बॅटरी संपली, फोन करतो म्हणाला होता. मग प्रत्येकाला विचारा, काहीतरी होऊन गेल्यावर गोष्ट कशात येऊन स्थिरावली हे मी सांगतेय का? उत्तर हो असेल तर 'फिकार' लावून बघा आणि शेजारणीला ऐकवा. ती कपाळाला आठ्या घालेल तिथे 'मोरार', 'कोंतिनुआर' किंवा 'तुर्नार-स' हवं असेल. तुम्ही सिप्ल परीक्षेची (परदेशी लोकांसाठीची पोर्तुगीजची ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा) तयारी करत असाल तर त्या पातळीला जागा, मुक्काम, आजारपण-भावना आणि 'कों'चा खरेदीतला वापर, एवढं पक्कं असलं की काम भागतं. 'फिकार द' आणि 'फिकार पुर' परीक्षेपेक्षा ऑफिसात जास्त लागतील.

लिहिण्यातली एक बारीक गोष्ट उरली. उच्चारात 'क' तोच राहतो, पण पुढे 'ए'कार आला की रोमन लिपीत 'सी'च्या जागी 'क्यू' आणि 'यू' लिहावे लागतात. 'फिकेय' आणि 'फीक' ही दोन रूपं त्यामुळे वेगळीच दिसतात आणि शब्दकोशात शोधताना सापडत नाहीत. 'फीक' हे आदरार्थी आज्ञेचं रूप आहे, 'तुम्ही राहा, ठेवा' यासाठी. मैत्रिणीला, मुलाला 'फिका'. टॅक्सीवाल्याला, म्हाताऱ्या शेजाऱ्याला, दुकानदाराला 'फीक'च म्हणा. आणि ईमेलच्या शेवटी 'तुमच्या उत्तराची वाट पाहते' असं लिहायचं असेल तर 'फिकु अ अग्वर्दार अ सुआ रश्पोश्ता' लिहा. पोर्तुगालच्या ऑफिसांत रोज जाणारी ओळ आहे ती, आणि तिथे 'एश्पेरु' (वाट पाहते) लिहिण्यापेक्षा जास्त सभ्य वाटते.